चेंडू न बघणारे आबा

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटं बघायचा आणि चेंडूकडे एकदाही बघायचं नाही, हे जमलेला एकच माणूस मी पाहिला. ते आबा. सामना संपल्यावर कोण जिंकलं म्हणून विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही. गोल कुणी केला, लाल कार्ड कुणाला मिळालं, याचं त्यांना काही सोयरसुतक नसे. चेंडू मैदानाच्या मधोमध फिरत राहिला की ते कंटाळायचे आणि मोबाईल मांडीवर ठेवून तंबाखू मळायला घ्यायचे. पण तोच चेंडू रेषेबाहेर माणसांत जाऊन पडला, की तंबाखू तळहातावर तशीच राहायची आणि आबांचं नाक काचेला टेकायचं. आबा प्रेक्षक बघायचे.

संघही इथला नव्हे, थायलंडातला. नदीकाठच्या कुठल्याशा शहराचा क्लब, अंगात निळा शर्ट, छातीवर खंड्या पक्ष्याचं चित्र. त्याचं खरं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. आबा त्यांना 'खंड्यावाले' म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. भोरच्या एसटी स्टँडासमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी पहिल्यापासून क्रिकेटचा माणूस. दीड तास पळून फळ्यावर शून्याला शून्य, तो कसला खेळ, असं माझं प्रामाणिक मत होतं. अशा माणसावर थायलंडच्या लीगचं वेळापत्रक पाठ करायची वेळ आबांनी आणली.

भाटघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, भोर तालुका संपून वेल्हं सुरू होतं त्या डोंगरावर त्यांचा धनगरवाडा. चार घरं, शेरडं, दोन म्हशी. मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा दिवस मावळत होता आणि शेरडं कुंपणाच्या वाडग्यात शिरत होती. आबा कवाडाशी नुसते उभे होते. शेवटचं करडू आत गेलं, तरी कवाड लावेनात. "एक भुरी मागं ऱ्हायली," म्हणाले आणि परत वर गेले. मी म्हटलं, मोजली कधी तुम्ही? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोरांना मोजायला सांगितलं. "मोजून काय कळतंय, शेट? किती न्हाईत त्ये कळंल. कोण न्हाई त्ये कळाया पायजे." माझं दुकान दहा बाय आठचं आहे, पण आबांनी मला शेवटपर्यंत शेटच केलं.

त्यांचा मुलगा बाळू भोरच्या कॉलेजात बारावी झाला. पुढं कॉम्प्युटरचा कोर्स केला. कॉलेजच्या दिवसांत तो माझ्या दुकानातच पडलेला असायचा. बोलका, मोठ्यानं हसणारा, डोंगरावरून हाका मारायची सवय लागल्यानं चार फुटांवरच्या माणसाशीही ओरडून बोलणारा. पुण्यातल्या कुण्या एजंटानं त्याला थायलंडात कॉम्प्युटरवरची नोकरी मिळवून दिली. तिथं पोचल्यावर त्यानं फोटो पाठवला, तो माझ्याच मोबाईलवर, कारण आबांकडे तेव्हा बटणाचा फोन होता. 'दादा, आबांना दाखवा,' एवढंच खाली लिहिलेलं. फोटोत मोठं स्टेडियम, मागं माणसंच माणसं आणि मधे बाळू. अंगात कोराकरकरीत निळा शर्ट, घडीच्या रेघासुद्धा मोडलेल्या नाहीत. उजवा हात वर करून हसतोय. त्यानंतर दोनदा फोन आला. मग नाही आला.

तक्रार भोरला झाली. तिथून ती पुण्याला गेली, पुण्याहून दिल्लीला. जिथं जिथं गेली तिथून 'शोध चालू आहे' एवढंच उत्तर परत आलं. मी चिडायचो, फोनवर आवाज चढवायचो. आबा दुकानातल्या स्टुलावर बसून असायचे. एकदा मधेच त्यांनी विचारलं, "फोटुतलं ह्ये ठिकाण कुठलं?" मी शर्टावरचा खंड्या मोठा करून इंटरनेटवर शोधला, क्लबचं नाव काढलं आणि त्यांच्या एका सामन्याची फिल्म लावून दिली. आबांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली.

"हितं रोज माणसं जमत्यात?"

"रोज नाही आबा. सामना असेल त्या दिवशी."

"मंग मला त्यो दिस सांगत जा."

त्यांचं म्हणणं साधं होतं. जनावर चुकलं की ते शेवटी जिथं दिसलं तिथंच आधी जायचं, नाही सापडलं तर दुसऱ्या दिवशी परत तिथंच जायचं. आबांना थायलंडला जाता येत नव्हतं. त्यांनी एक बोकड विकला आणि टचचा मोबाईल घेतला.

तो हंगाम सुरू झाला तेव्हा डोंगरावर धुकं होतं. वाड्यात रेंज नाही. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, वाघजाईच्या ठाण्यापाशी, वेल्ह्याकडच्या टॉवरची रेंज लागते. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढं दीड तास, त्यामुळे तिथले संध्याकाळचे सामने इथं शेरडं चरायच्या वेळेला पडायचे. सामन्याच्या दिवशी आबांचा कळप सड्यावर चरायचा, बाकीच्या दिवशी कुठंही. त्या बाजूचं गवत दिवाळीच्या आत संपलं.

खेळाचे नियम आबांनी कधी विचारले नाहीत, पण एक गोष्ट त्यांनी आपली आपण हेरली. खंड्यावाल्यांनी गोल केला की कॅमेरा माणसांवर जातो आणि बराच वेळ तिथं राहतो. पलीकडच्यांनी केला तर नुसता खेळाडूंवर. तेव्हापासून खंड्यावाल्यांनी गोल करावा म्हणून ते वाघजाईला नारळ फोडू लागले. लीगमध्ये संघ बरा चालला होता. देशातल्या कप स्पर्धेत मात्र लवकर बाहेर पडला. आशियातल्या क्लबांची एक वेगळी स्पर्धा असते, आठवड्याच्या मधल्या दिवशी. तिथं जपानचे, कोरियाचे तगडे संघ येतात. त्यात आपले खंड्यावाले गटातून कसेबसे वर आले. हे मी आबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "मंजी अजून दिस मिळाले."

दुसऱ्याच्या मैदानावर सामना असला की ते मोबाईल लावायचेच नाहीत. "आज परका वाडा हाय," म्हणायचे.

एसटीचे कंडक्टर त्यांना चिडवायचे. "आबा, काय स्कोर?" आबा तिकीट कमरेला खोचत म्हणायचे, "म्हाईत न्हाई बा." लोक हसायचे. काहींना वाटायचं म्हातारा पोरापायी भ्रमिष्ट झाला. मावशी, म्हणजे त्यांची बायको, मोबाईलकडे बघायचीही नाही. सड्यावर भाकरी घेऊन यायची, त्यांच्या बाजूला ठेवायची आणि पाठ करून बसायची. एकदा मी तिथं होतो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यास्नी दिसला तरी हाक कशी मारनार?" आबांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

थंडीत एका सकाळी दुकान उघडतोय तोच आबा समोर. पहिल्या एसटीनं आलेले, मोबाईल फडक्यात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात. "गावला," म्हणाले. आदल्या दिवशी सामन्यात गोल झाला, माणसं उठली, त्यात एकानं उजवा हात वर केला. तसाच. मी विचारलं, मग? ते चित्र साठवलं का?

"बंद क्येला लगीच," ते म्हणाले. "जाईल म्हनून. आत हाय त्यो."

मला समजायला वेळ लागला. कळपातलं चुकार जनावर वाडग्यात शिरलं की माणूस धावत जाऊन कवाड लावतो. आबांनी मोबाईल बंद केला होता. रात्रभर उशाशी ठेवला होता, मावशीलाही हात लावू दिला नव्हता. ते फडकं त्यांनी माझ्या काउंटरवर उलगडलं आणि म्हणाले, "सावकाश उघडा."

मी उघडला. साबणाची जाहिरात लागली.

मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवलं नाही. आधी कधी थायलंडच्या भाषेतल्या साइटवर गेलो नव्हतो, त्या दिवशी गिऱ्हाइकांना परत पाठवून दुपारपर्यंत तेच केलं आणि पूर्ण सामन्याची फिल्म शोधून काढली. गोल सापडला, माणसं सापडली, वर केलेला हातही सापडला. चित्र थांबवून मोठं केलं. गालाला पांढरी पावडर लावलेला कुणी तिथलाच पोरगा होता. मी काही बोलायच्या आत आबांनी मान हलवली. "न्हाई. ह्यो न्हाई." मग फडक्याची घडी घालत म्हणाले, "पर हात त्याचाच हाय." दुपारच्या एसटीनं ते परत गेले.

संतोष माझ्या दुकानात आला तो त्यानंतर महिनाभरानं. सारोळ्याकडचा पोरगा. तोही असाच एजंटामार्फत गेला होता आणि सुटून आलेल्या काही जणांत होता. कुणीतरी त्याला आबांबद्दल सांगितलं, म्हणून तो आपणहून बाजाराच्या दिवशी आला. आबा स्टुलावर बसले होते. मी बाळूचा फोटो दाखवला. त्यानं तो हातातही घेतला नाही.

"ह्यो शर्ट म्याबी घातला व्हता," तो म्हणाला. "सगळ्यांना घालत्यात. पोचलो की एकदा म्याचला नेत्यात, फोटो काढा म्हनत्यात, घरी पाठवा म्हनत्यात. घरच्यांना बरं वाटतं, मागच्या पोरांनाबी यावंसं वाटतं. भाईर आलं की शर्ट काढून घेत्यात. धुऊन घडी घालून म्होरल्या पोरांना. मंग रात्रीचं गाडीत घालून नदीपल्याड, दुसऱ्या देशात."

पलीकडे काय होतं ते त्यानं थोडक्यात सांगितलं. भिंती, पहारा, दिवसरात्र मोबाईलवरून अनोळखी माणसांना फसवायचं काम, नाही केलं तर मार. बाळूला तो ओळखत होता. दोघं एकाच खोलीत होते. एका सकाळी बाळूचं अंथरूण रिकामं होतं. "दुसरीकडं इकला म्हनाले," संतोष म्हणाला आणि खाली बघू लागला. त्या खाली बघण्याचा अर्थ मला कळला. आबांनी जन्मभर बाजारात जनावरं विकणाऱ्यांची तोंडं बघितली होती. त्यांनाही कळलाच असणार.

त्यांनी त्यावर काही विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच. "शर्ट काढून घेतला, तवा त्याच्या अंगात दुसरं काय व्हतं?"

"आपला घरचा शर्ट, आबा."

"मंग बरं," आबा म्हणाले.

मला वाटलं, आता सामने संपले. बाळू त्या स्टेडियमात एकदाच होता आणि परत कधी असणार नव्हता. मी त्यांना पुढच्या सामन्याची तारीख सांगायची टाळली. शनिवारी त्यांचाच फोन आला, सड्यावरून. "शेट, आज म्याच हाय का न्हाई?"

मी म्हटलं, "आबा, आता कशाला?"

"म्होरली पोरं येत असत्याल की तिथं," ते म्हणाले. "त्यास्नी कोन बघतंय?"

आबांच्या बघण्यात त्या दिवसापासून फरक पडला. पूर्वी ते एक तोंड शोधायचे, आता ओळीच्या ओळी बघायचे. मला म्हणाले, "इकलेला कळप येगळा हुबा ऱ्हातो. टेम्पोत चढवायच्या आधी बघा कधी. खायाला टाकलं तरी खात न्हाई, एकमेकांला चिकटून ऱ्हातो. आन खाटीक कळपाकडं बघतो, दुसरीकडं कुटं बघत न्हाई." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काहीतरी धरायला हवंय, धरू दे.

आशियाच्या स्पर्धेत पुढच्या फेरीत खंड्यावाल्यांची गाठ कोरियाच्या संघाशी पडली. ही फेरी दोन सामन्यांची, एक तिकडे कोरियात, एक खंड्यावाल्यांच्या घरी, दोन्हीचे गोल मिळवून निकाल. तिकडे खंड्यावाले दणकून हरले. घरचा दुसरा सामना म्हणजे नुसती औपचारिकता होती. त्या दिवशी बाजार होता, म्हणून आबा माझ्या दुकानातच बसून बघत होते. सामना संपत आला असताना खंड्यावाल्यांनी एक गोल केला. त्या गोलाचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. तरीही लोक उठून नाचायला लागले आणि कॅमेरा त्यांच्यावरून फिरला.

"थांबवा," आबा म्हणाले.

या वेळी मी होतो. थांबवलं, मागं नेलं, साठवलं. नाचणाऱ्या माणसांच्या मधे पोरांची एक ओळ बसून होती. आपल्याकडचीच दिसत होती. सगळ्यांच्या अंगात निळे शर्ट, घडीच्या रेघांसकट. आणि ओळीच्या टोकाला एक माणूस. सगळं स्टेडियम मैदानाकडे बघत होतं, तो पोरांकडे बघत होता.

मी ते चित्र संतोषला पाठवलं. त्यानं टोकाचा माणूस ओळखला. एजंटामार्फत पोरं तिकडे गेलेल्या घरांचा एक ग्रुप होता, त्यावर त्यानं ते टाकलं. तासाभरात परभणीकडच्या एका बापाचा फोन आला, 'ओळीतला दुसरा पोरगा माझा.' तो पोराला कालपर्यंत चांगल्या नोकरीत समजत होता. पोरगा अजून त्याच शहरात होता, मोबाईल त्याच्याकडे होता. बापानं त्याला फोनवर काय सांगितलं माहीत नाही, पण तो पहाटे सामान तिथंच टाकून बाहेर पडला आणि चालत पोलिसांच्या चौकीत गेला. तो परत आला. ओळीतल्या बाकीच्यांचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

ही बातमी मी स्वतः वाड्यावर जाऊन सांगितली. मला वाटलं, आबांना आनंद होईल. ते कवाडाला टेकून उभे होते. "एकच आला?" त्यांनी विचारलं. मी होय म्हटलं. शेरडं आत गेली. मग हंगामभरात पहिल्यांदा त्यांनी मला खेळातलं काहीतरी विचारलं.

"त्यो गोल कुनी क्येला व्हता?"

मी मोबाईलवर बघून सांगितलं, सोमचाय म्हणून कुणी आहे. आबांनी ते नाव दोनदा तोंडात घोळवलं. आठवडाभरापूर्वी झालेल्या करडाला अजून नाव नव्हतं. ते त्या दिवसापासून सोमचाय झालं.

हंगामाचा शेवटचा घरचा सामना मेमध्ये झाला. तो जिंकला असता तर खंड्यावाल्यांना पुढच्या वर्षी परत आशियात खेळायला मिळालं असतं, म्हणजे घरच्या मैदानावर आणखी सामने. हे मी आबांना समजावून सांगितलं होतं, म्हणून तेवढ्या एका सामन्याच्या निकालाची त्यांनी वाट पाहिली. सामना बरोबरीत सुटला आणि ती जागा दुसऱ्या क्लबाला गेली. मी फोन करून सांगितलं. "मंजी म्होरल्या साली दिस कमी," ते म्हणाले. एवढं थकलेलं बोलणं मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकलं नव्हतं.

पुढचा हंगाम आबांनी पाहिला नाही. आषाढात त्यांना ताप भरला. वाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत त्यांना झोळीत घालून आणलं, पण वाट निसरडी झालेली, उशीर झाला. भाटघरच्या पाण्याच्या काठावरच ते गेले. त्यांच्या खिशात तो मोबाईल होता, तसाच फडक्यात गुंडाळलेला. मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. बाळूला शोधायला गेलेल्या कागदांपैकी एकही आबांइतका हिंडला नसेल, आणि ते तर वाघजाईच्या ठाण्यापासून हललेही नव्हते.

गणपतीनंतर मी मावशीला भेटायला वर गेलो. तिनं कळप विकला होता. चार शेरडं ठेवली होती, त्यात सहा-सात महिन्यांचं झालेलं सोमचाय. ती सड्यावर होती. मी शेजारी बसलो. पदराआडून तिनं फडकं काढलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "त्यांची म्याच आज हाय का?"

होती. मी लावून दिली. तिनं मोबाईल दोन्ही हातांत धरला, भाकरीचं ताट धरावं तसा. चेंडू कुठला, आपले कुठले, हे तिनं मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. खंड्यावाल्यांनी गोल केला. माणसं उठली, कॅमेरा त्यांच्याकडे वळला, हजारो तोंडं एकदम समोर आली. मावशी वाकली. आणि पलीकडच्या डोंगरावर ऐकू जावी एवढ्या मोठ्या आवाजात तिनं त्या काचेत हाक मारली, "बाळू रं".

चरणाऱ्या चारही शेरडांनी माना वर केल्या आणि ती आमच्याकडे बघत उभी राहिली.